पायचा आणि चेन : नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

हे मार्गदर्शन हिंगोली जिल्ह्यातल्या अशा प्रौढ पुरुषांसाठी आहे, जे फुल पँट घालून सायकलवर बसतात, कामासाठी कुठेतरी जातात आणि तिथे पोचल्यावर समोरच्याने आपल्या तोंडाकडे पाहावे, उजव्या पायाकडे पाहू नये, एवढीच ज्यांची अपेक्षा असते. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाचही तालुके विचारात घेतले आहेत. ‘आमच्याकडं असलं काही होत नसतंय’ असे एखाद्या तालुक्याला वाटत असेल, तर तिथल्या वाचकाने आधी आपल्या उजव्या पायच्याची आतली बाजू उलटून पाहावी आणि मग पुढे वाचावे.

विषय लहान आहे असे म्हणणारे भेटतील. त्यांना औंढा तालुक्यातल्या दुधाळ्याला न्यावे. तिथे लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील आणि दूर अवकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली की त्या भुजांच्या लांबीत पडणारा फरक मोजला जाईल. हा फरक प्रोटॉनच्या आकाराहूनही हजारो पटींनी लहान असतो. त्याच रस्त्याने सायकलवर जाणाऱ्या माणसाच्या पायच्यात आणि चेनमध्ये फक्त दोन बोटांचे अंतर हवे असते. ते राखण्यासाठी आजवर कुणी एक रुपया मंजूर केल्याचे ऐकिवात नाही.

आधी बाजू समजून घ्या

सायकलला चेन एकच असते आणि ती उजवीकडे असते. हॉलंडात आणि चीनमध्येही ती उजवीकडेच असते, त्यामुळे याबाबत दुकानदाराशी भांडून उपयोग नाही. पँटला पायचे दोन, म्हणजे निम्मे काम कारखान्यानेच वाचवून ठेवले आहे. तरीही पुष्कळ नवशिके दोन्ही पायचे सारखे दुमडतात आणि ‘एकच दुमडला की बरं दिसत नाही’ असे कारण सांगतात. दोन्ही दुमडल्यावर माणूस कयाधू नदी ओलांडायला निघाल्यासारखा दिसतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. एकच पायचा दुमडलेला माणूस हा सायकलस्वार आहे हे लांबूनही कळते. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

मात्र डाव्या बाजूला अगदीच निर्धास्त राहू नये. जुन्या धाटणीच्या सायकलींत पायडलचा दांडा कॉटर पिनेने बसवलेला असतो आणि त्या पिनेचे टोक नटासकट बाहेर आलेले असते. चेनसारखे ते ओढून नेत नाही, पण जाता-येता एखादा धागा काढून घेते. महिनाभरात पँटला डावीकडे मिशा फुटतात.

आता यंत्र. रोलर चेनचे पेटंट हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरमध्ये १८८० साली घेतले. सायकलच्या चेनमध्ये एका दुव्यापासून पुढच्या दुव्याचे अंतर अर्धा इंच असते आणि आता जगभर तेच चालते. पुढच्या मोठ्या चक्राला ४४ दात असतील तर पायडलचा एक पूर्ण फेरा होईतो चेन २२ इंच सरकते. शिंप्याकडची टेप घेऊन घोट्यापासून गुडघ्यापर्यंत स्वतःचा पाय मोजा. तो २२ इंच भरत नाही. म्हणजे हिशेबाने पाहिले तर एका फेऱ्यात चेन तुमच्या गुडघ्याची चौकशी करून पुढे जाऊ शकते. प्रत्यक्षात ती एवढी लांब जात नाही, कारण त्याआधीच कापड फाटते, नाहीतर पायडल अडकते, नाहीतर तुम्ही रस्त्यावर असता.

कापड नेमके कुठे धरले जाते, तेही पाहून ठेवा. सायकल स्टँडवर लावा आणि हाताने पायडल हळू फिरवा. चेनची वरची बाजू मागून पुढे येते आणि चक्राच्या माथ्यावर दातांत बसते. बसण्याच्या त्या क्षणी चेन आणि दात यांच्यामध्ये जे येईल ते पुढे आणि खाली ओढले जाते. खालची बाजू दातांतून सुटून मागे जात असते. ती फक्त काळे करते, खात नाही. सगळा धोका चक्राच्या माथ्यावरच्या दोन-तीन दातांत आहे. नवशिक्याने ही जागा डोळ्यांत साठवून ठेवावी.

हे मार्गदर्शन कुणाला लागू नाही

सातवीपर्यंतच्या मुलांना लागू नाही. ते हाफ पँटमध्ये असतात. त्यांचा चेनशी थेट, कापडाच्या मध्यस्थीविना संबंध येतो. जिल्ह्यातल्या पन्नाशीपुढच्या पुरुषांपैकी पुष्कळजण वडिलांच्या उंच सायकलवर कैची मारत शिकले. दांडीखालून उजवा पाय पलीकडे घालायचा, उजवी काख सीटवर टेकवायची आणि हाफ पायडल मारत निघायचे. या काळात उजव्या पोटरीच्या आतल्या अंगाला दातांची काळी नक्षी उमटत असे. आई ती खोबरेल तेलाने काढायची. आठवीत फुल पँट मिळे आणि तेव्हा खरा विषय सुरू होई.

धोतर नेसणाऱ्यांनाही लागू नाही. धोतर सायकलच्या शेकडो वर्षे आधीचे आहे, पण सायकलचा विचार पँटपेक्षा त्यानेच जास्त केलेला दिसतो. सोगा वर उचलून कमरेला खोचला की पुढचा प्रश्न संपला आणि काचा मागे खोचलेला असल्याने मागचा प्रश्न कधी निर्माणच झाला नाही. डोक्याला रुमाल, अंगात सदरा आणि धोतर अशा वेशात कॅरिअरवर सरकीच्या पेंडेचे पोते बांधून बाजारातून निघालेला माणूस अजून क्वचित दिसतो. त्याचे कापड स्वच्छ असते. त्याला काही शिकवायला जाऊ नये.

मोटारसायकलवाल्यांना लागू नाही, कारण शंभर सीसीच्या साध्या गाडीची चेन पत्र्याच्या डब्यात बंद असते. याविषयी मला थोडी तक्रार आहे, ती शेवटी करतो.

साहित्य आणि कृती

सर्वांत जुना आणि फुकटचा उपाय म्हणजे दुमड. बहुतेक लोक ती चुकीची घालतात. पायचा सरळ वर गुंडाळला की घेर तसाच राहतो आणि गुंडाळी सैल होऊन दहा मिनिटांत घोट्यावर येते. तोपर्यंत ती जाडही झालेली असते, त्यामुळे चेनला घास मोठा मिळतो. बरोबर कृती अशी. चेन पायाच्या आतल्या अंगाला आहे, म्हणून जादाचे सगळे कापड बाहेर, करंगळीच्या बाजूला ओढून घ्या. घोट्याभोवती पायचा घट्ट लपेटा. ती चुणी बोटाने दाबून धरा आणि मग वरच्या दिशेने वळ्या घाला. सुती कापडाला दोन वळ्या पुरतात. टेरिकॉट घसरते, त्याला तीन लागतात. जीन्सला एक पुरते आणि ती संध्याकाळपर्यंत सुटत नाही, अगदी सोडायची म्हटले तरी.

दुमडीचे दोन तोटे. पहिला म्हणजे तिच्यात माल साठतो. मुरूम, तुरीचा एखादा दाणा, बसचे तिकीट आणि हळदीच्या दिवसांत हळद. दुसरा तोटा म्हणजे इस्त्रीची धार मोडते. म्हणून पायचा कुठे सोडायचा ते आधीच ठरवून ठेवावे. पंचायत समितीत काम असेल तर पायरीच्या खाली सोडावा. साहेबांच्या टेबलासमोर वाकून सोडला तर माणूस पाया पडतोय असा गैरसमज होतो आणि कधीकधी त्यामुळे काम होतेही, पण ही पद्धत नवशिक्यांना शिकवण्यासारखी नाही.

यानंतर ट्यूबचे रबर. पंक्चरच्या दुकानात टाकाऊ ट्यूबचा ढीग असतो. त्यातून बोटभर रुंदीचे कडे कापून घ्यावे आणि लपेटलेल्या पायच्यावर चढवावे. सायकलच्या ट्यूबचे कडे आवळते, पायाला मुंग्या येतात. ट्रॅक्टरच्या ट्यूबचे घेतले तर दोन्ही पाय एकदम मावतात. मोटारसायकलच्या ट्यूबचे बरोबर बसते. मिस्तरी याचे पैसे घेत नाही. संकोच वाटत असेल तर दोन्ही चाकांत हवा भरून घ्यावी. या उपायाला माझी पहिली पसंती आहे. उन्हाळ्यात घाम आला की घोट्याभोवती काळे वळे उमटते खरे, पण पँट वाचते आणि विषय पँटचा आहे.

दस्ती बांधणारेही पुष्कळ आहेत. इतर ठिकाणी जिला हातरुमाल म्हणतात ती आपल्याकडची दस्ती. गाठ बाहेरच्या बाजूला घ्यावी. आतल्या बाजूला घेतली तर पायच्याऐवजी दस्तीच चेनमध्ये जाते आणि तिच्या पाठोपाठ पायचाही, म्हणजे एका खेपेत दोन नग. दस्तीची खरी अडचण अशी की ती पायाला बांधली की कपाळ पुसायला काही उरत नाही, आणि पोचल्यावर सोडायची विसरली जाते. लग्नात, साखरपुड्यात, अगदी शाळेच्या पालकसभेतही पायाला दस्ती बांधून बसलेले सद्‌गृहस्थ दिसतात. शेजारच्याला वाटते लागलेय. तो विचारतो, ‘काय झालं मामा पायाला?’ अशा वेळी उत्तर देऊ नये, नुसता सुस्कारा टाकावा.

सायकलसाठी खास पोलादी क्लिप असते, वाकवलेल्या पट्टीची, घोट्याला चापून बसणारी. इंग्लंडातले कारकून आणि पोस्टमन ती एकेकाळी सर्रास वापरत. आपल्या बाजारात ‘पँटची क्लिप’ मागितली तर दुकानदार आधी केसांची दाखवतो, मग कागदांची, मग तुमच्याकडे पाहतो. म्हणून काहीजण दोरीवरचा कपडे वाळत घालायचा चिमटा लावतात. चिमटा काम करतो. पण उन्हात राहून प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते, खड्ड्यात गाडी आदळली की त्याचे दोन तुकडे होतात आणि घरी दोरीवरून एक टॉवेल उडून शेजाऱ्याच्या छपरावर गेलेला असतो. त्याचा जाब वेगळा द्यावा लागतो.

पायमोज्यात पायचा खोचणे हा उत्तम उपाय आहे. मे महिन्यात पायमोजे घालणारा माणूस जिल्ह्यात सापडला तर त्याने अवश्य वापरावा.

उजवा गुडघा बाहेर काढून, पाय फाकवून सायकल चालवण्याची एक पद्धत आहे. साधनांशिवाय चालते, म्हणून ती लोकप्रिय आहे. पण आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो, म्हणजे उजवा गुडघा ट्रकांच्या बाजूला येतो. पायचा वाचवण्यासाठी गुडघा पुढे करण्यात शहाणपण नाही.

पायचा सापडल्यास

हा पाठ नीट वाचावा, कारण इथे चेष्टा कमी आहे.

पहिली ओढ जाणवली की पायडल मारणे तत्काळ थांबवा. माणसाचा पहिला विचार नेमका उलटा असतो, ‘जोरात मारलं की निघंल’. निघत नाही, आणखी दोन दात आत जाते. आपल्या सायकलींना मागे फ्रीव्हील असते, त्यामुळे पायडल थांबले तरी चाक फिरत राहते आणि सायकल पडत नाही. तेवढ्या अवधीत ब्रेक दाबा, रस्त्याच्या कडेला या आणि डावा पाय टेकवा. उजवा टेकवता येणार नाही, तो बांधला गेलेला आहे. सवयीने उजवा टेकवायला गेलात तर सायकलसकट उजवीकडे, म्हणजे वाहनांच्या बाजूला कोसळाल. उतरायला डावा पाय हे ज्याला झोपेतही आठवेल त्यानेच मोठ्या रस्त्यावर सायकल घालावी.

थांबल्यावर पायचा हिसडू नका. सीटवरून न उतरता, किंवा उतरावे लागले तर दांडीला धरून, पायडल हळूहळू उलटे फिरवा. चेन ज्या वाटेने आली त्या वाटेने मागे जाते आणि कापड चक्राच्या माथ्यावरून परत बाहेर येते. अर्धा फेरा पुरतो. कापड फार आत गेले असेल आणि चेन उतरली असेल, तर ती आधी खालच्या बाजूने चक्रावर चढवून मग उलटे फिरवावे. बोटे दात आणि चेन यांच्यामध्ये घालू नयेत. पँट शिवता येते.

या सगळ्याला एखादे मिनिट लागते. तेवढ्यात चौकात चारजण जमतात. त्यातला एक ‘कापून टाका’ म्हणतो आणि एक ‘पँट काढा’ म्हणतो. दोघांचेही ऐकू नये.

कापड, शिंपी आणि लुधियाना

पायच्याचा घेर शिंपी ठरवतो. ‘बॉटम किती ठिवू?’ असे तो विचारतो आणि गिऱ्हाईक सायकलचा विचार न करता उत्तर देते. १९७० च्या दशकात बेलबॉटम आली तेव्हा हिंगोलीसारख्या सायकलींच्या गावात खालचा घेर बावीस-चोवीस इंचांवर गेला आणि चेनच्या दृष्टीने ते सुगीचे दिवस होते. पुढे घेर कमी होत होत इतका आवळला की पोरांना पँट काढायला कुणाची तरी मदत लागे. चेनच्या बाबतीत मात्र ती पिढी सर्वांत सुरक्षित होती आणि तिला हे कधी कळलेही नाही, कारण ती सायकलवर नव्हती, गाडीवर होती. आता कॉलेजातली मुले परत ढगळ पँटा घालू लागली आहेत. त्यांना वेळीच सावध करावे.

खरे पाहता हा प्रश्न सुटायचा तर आपल्याच जिल्ह्यात सुटायला हवा होता. संत नामदेवांचा जन्म हिंगोली तालुक्यातल्या नरसीचा आणि त्यांचे घर शिंप्याचे. पुढे ते उत्तरेत गेले आणि पंजाबात घुमानला राहिले. त्यांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले. त्याच पंजाबातले लुधियाना आज सायकलींचे माहेरघर आहे. हीरो सायकलचा कारखाना १९५६ साली तिथेच सुरू झाला. नरसीहून पंजाबला शब्द गेले, लुधियान्याहून आपल्याकडे सायकली आल्या. शिंप्याचे गाव आपल्याकडे, सायकलचे गाव त्यांच्याकडे, दोघांचे संबंध सातशे वर्षांचे, आणि तरीही पायचा आणि चेन यांच्याविषयी कुणी कुणाला एक चिठ्ठी लिहिली नाही. नरसीची पालखी आषाढीला पंढरपूरला पायी जाते, त्यामुळे वारकऱ्यांनाही हा अनुभव येत नाही, नाहीतर विषय केव्हाच ऐरणीवर आला असता.

इथे एक उपाय शिंप्याच्या हातातला आहे. सलवारीचा पोंचा पाहा. आत कडक कापड घालून, चार-पाच ओळी शिलाई मारून तो असा ताठ केलेला असतो की लोंबत नाही. पँटच्या उजव्या पायच्याला आतून तशी पट्टी लावून घेता येते. शिंपी ‘एकाच पायाला?’ असे विचारील. होय म्हणावे.

ऋतुमानाप्रमाणे

पावसाळ्यात हा प्रश्न आपोआप मिटतो, कारण काळ्या मातीच्या वाटेवर सायकल चालतच नाही. चिखल मडगार्ड आणि चाक यांच्यात भरतो, चाक थांबते आणि मग सायकल माणसावर बसते. खांद्यावरच्या सायकलची चेन कुणाच्या पायच्यापर्यंत पोचत नाही. ती मानेवर डाग पाडते.

दसऱ्यात जपावे. हिंगोलीच्या रामलीला मैदानावरच्या प्रदर्शनाला नवे कपडे घालून जायची रीत आहे आणि नव्या पँटची खालची दुमड सोडलेली असते, ‘पोरगं वाढतंय’ म्हणून. अशी पँट टाचेच्याही खाली जाते. गर्दीत सायकल हातात धरून चालणाऱ्याचा पायचाही चेन धरू शकते, कारण सायकल ढकलत पुढे नेताना पायडल मधूनच पोटरीला लागते आणि चेन जागची हलते. सायकल ढकलताना नेहमी तिच्या डाव्या बाजूने चालावे.

डाग

चेनचा काळा डाग म्हणजे नुसते तेल नव्हे. तेल, रस्त्याची धूळ आणि चेन-दात झिजून निघालेला लोखंडाचा अतिबारीक कीस यांचे ते मिश्रण असते. तेल निघते, कीस धाग्यात बसतो. म्हणून डाग पडल्या पडल्या पाण्याने चोळणे ही सर्वांत मोठी चूक, तो पसरतो आणि आत जातो. आधी त्यावर खडूची पूड किंवा पावडर दाबून ठेवावी, तेल तिच्यात चढते. मग झटकून भांड्यांच्या साबणाने उलट्या बाजूने धुवावे. रॉकेल उत्तम काम करायचे, पण ते रेशनवरून गेले आणि त्याचबरोबर घरातले डाग काढण्याचे अर्धे ज्ञान गेले. डाग पूर्ण निघाल्याशिवाय इस्त्री फिरवू नये, उष्णतेने उरलेले पक्के होते.

हिंगोलीच्या माणसाला यात आणखी एक रंग मिळतो. हळद शिजवून, वाळवून, घोटून संत नामदेव मार्केट यार्डात यायला लागली की उन्हाळ्यात त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या दुमडीत पिवळी पूड साठते. दुमड सोडली की ती पँटवर सांडते आणि डाग धुवायला साबण लावला की लाल होते. घाबरू नये, हळदीतला रंग साबणातल्या खाराने लाल होतोच, साबण निघून गेला की परत पिवळा होतो. आणि हळदीचा डाग उन्हात वाळत घातला की फिका होत जातो. ग्रीसचा डाग उन्हाला दाद देत नाही. म्हणजे दोन्ही डाग पडले असतील तर पिवळा सूर्यावर सोपवावा आणि काळ्यासाठी स्वतः बसावे.

चेन कव्हर

आता मूळ मुद्द्यावर येतो. वरचे सगळे उपाय माणसाच्या पायाला बांधायचे आहेत. खरे तर जे चावते ते बांधायला हवे.

तो उपायही जुनाच आहे. हॉलंडातल्या रोजच्या सायकलींची चेन पूर्ण बंद पेटीत असते, आणि तिथली माणसे सूट घालून कचेरीत जातात, पाय दुमडत नाहीत. पेटीत धूळ जात नाही, तेल टिकते, चेन जास्त वर्षे चालते. आपल्याकडच्या पुरुषांच्या काळ्या सायकलीला फार तर वरून पत्र्याची अर्धी पट्टी असते आणि तीही काही महिनेच. कारण एक दिवस तिचा स्क्रू ढिला होतो, ती चेनला घासून वाजू लागते आणि मिस्तरी म्हणतो, ‘काका, हे कव्हर लई वाजायलंय, काढून टाकू का?’ काका ‘टाक’ म्हणतात. एक स्क्रू आवळला असता तर भागले असते. पण काढलेले कव्हर दुकानाच्या मागे जाते, काका पायचा दुमडून घरी जातात आणि पुढची वीस वर्षे दुमडत राहतात.

हीच सायकल लेडीज म्हणून बनवली की तिला बहुधा चेन झाकणारे पुरे कव्हर मिळते, मागच्या चाकाला जाळीही मिळते. मोटारसायकलीच्या बाबतीत तर कायदाच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यांतला नियम १२३ सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षक साधन हवे. साडीचा, ओढणीचा विचार झाला, आणि तो व्हायलाच हवा होता, ओढणी चाकात गेल्यावर जे होते त्यात विनोद काही नाही. माझे म्हणणे एवढेच की पुरुषाच्या पायाला चेनपासून वाचायची गरज नाही, असे कारखानदारांनी कशावरून ठरवले? बहुधा पुरुषांनीच सांगितले असावे. पूर्ण कव्हरची सायकल ‘लेडीज दिसते’ म्हणून नको म्हणणारे आणि मग पायाला दस्ती बांधून फिरणारे एकच असतात.

आपल्या जिल्ह्यातल्या घराघरांत हा उपाय आधीच येऊन उभा आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली मिळतात. मुलगी शाळेच्या गणवेशात सलवार-ओढणीसकट रोज जाते-येते, ओढणीची गाठ मागे मारते आणि तिच्या कपड्यांवर काळा ठिपका नसतो. त्याच घरातला बाप, काका, मोठा भाऊ उघड्या चेनच्या सायकलवर एक पायचा वर करून बँकेच्या रांगेत उभा असतो.

म्हणून नवशिक्यांनो, शेवटची सूचना. सायकल घ्यायची असेल तर पूर्ण कव्हरची घ्या, तिला कुणी लेडीज म्हटले तर म्हणू द्या. जुनी असेल तर मिस्तरीला मापाचे कव्हर बसवायला सांगा, वाजले तर स्क्रू आवळायला सांगा, काढायला सांगू नका. आणि तोवर मुलीची सायकल मागून घेत असाल तर ती शाळेच्या वेळेआधी परत आणून ठेवा, हवा भरून.